दुसऱ्या हेडातला आवाज

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. प्रकाशा गावात, तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे पत्र्याचं गॅरेज आणि मागे दोन खोल्या, असं आमचं घर. मधलं दार मी कधी लावलेलं पाहिलं नाही. पुढे आबा इंजिनांची हेडं करत, मागे माय भाकरी थापत असे. भाकरीची थपथप आणि व्हॉल्व्ह घासतानाचा खरखर आवाज यांतच आम्ही ओरडून बोलायचो, कारण आबांना ऐकू येत नव्हतं. एकदम गेलं नाही ते. आधी पाखरं गेली, मग मायचा आवाज, मग रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे. मी दहावीत होते तेव्हा माझाही आवाज गेला. म्हणजे त्यांच्यासाठी गेला. मला मात्र मोठ्याने बोलायची जी सवय लागली ती आजही सुटलेली नाही. बँकेत मी हळू बोलते असं मला वाटतं आणि सगळी रांग वळून बघते.

आबांचं हे बहिरेपण गावात कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणी बोलत नव्हतं. कारण हेडाच्या कामात कानच सगळं काही असतो. हेड म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर बसणारं बिडाचं जड झाकण. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. व्हॉल्व्ह दिसतो लांब दांडीच्या छत्रीसारखा; छत्री ज्या कडीवर टेकते ती सीट, दांडी ज्या नळीत सरकते ते गाईड. स्प्रिंग त्याला वर ओढून बंद धरते आणि रॉकर नावाच्या आडव्या दांड्याने वरून दाबलं की तो उघडतो. स्प्रिंगच्या माथ्यावर एक वाटी बसते, आणि त्या वाटीत नखाएवढे दोन अर्धगोल तुकडे. त्यांना लॉक म्हणतात. ते दांडीवरच्या खाचेत अडकलेले असतात. इंजिन मिनिटाला हजारावर फेरे मारत असतं आणि हे सगळं त्या दोन तुकड्यांच्या भरवशावर वरखाली होत असतं. काही सैल झालं, झिजलं, तर आधी ते ऐकू येतं, मग दिसतं. आबा तरुण असताना केळीच्या बागेतल्या पंपाचं इंजिन बांधावरून ऐकून सांगत, "पाटील, तुमना धुराना व्हॉल्व्ह सीटमा खाली बसना." गुजर शेतकरी त्यासाठी पार शहाद्यापलीकडून इंजिनं घेऊन येत.

कान गेल्यावर आबांनी मला शिकवलं. मुलगी म्हणून नाही, कान म्हणून. शाळेतून आले की दप्तर खाटेवर टाकायचं आणि इंजिनाजवळ उभं राहायचं. आबा रॉकरच्या फटीत पत्ती घालून टॅपेट लावत, म्हणजे ती फट नेमकी करत, इंजिन चालू करत आणि माझ्याकडे बघत. अंगठा वर केला की ठीक. करंगळी दाखवली की गडबड, आणि मग जितक्या नंबरच्या सिलिंडरमधून आवाज येतो तेवढी बोटं. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्तरीची पोरगी लाडाने उभी आहे. बारावीनंतर मी घरीच राहिले तेव्हा हातकामही शिकले. सीट कापायची, गाईड ठोकायचं, व्हॉल्व्हला पेस्ट लावून दोन्ही तळव्यांत काठी फिरवत घासायचं. माझे तळवे तेव्हापासून काळे आहेत. लग्नात मेंदी चढली नाही म्हणून सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं.

रायसिंग इंजिन घेऊन आमच्याकडे आला ते थंडीचे दिवस होते. मणिबेलीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याच्या काठावर त्याचा पाडा. खालची घरं, शेतं, वाट सगळं पाण्यात गेलं होतं आणि उरलेली घरं टेकडीवर चढून बसली होती. तिथून बाहेर पडायचं तर नावेनेच. रायसिंगकडे एक लाकडी नाव होती आणि तिच्यात शेतीपंपाचं दोन सिलिंडरचं, दोन हेडांचं डिझेल इंजिन बसवलेलं. पाड्याचं रेशन, मास्तर, आजारी माणसं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळं त्याच्या नावेतून जायचं. तो उंच, काटक, बोलायला कमी. आमच्याशी तो बाजारात शिकलेल्या मराठीत बोलायचा, एक एक शब्द जागेवर ठेवल्यासारखा. म्हणाला, "वारा समोरून आला की इंजिन दम सोडतं. जास्त रेस केली की फडफड करतं."

आबांना मी ओरडून सांगितलं. त्यांना लगेच कळलं. पंपाचं इंजिन एका संथ चालीवर चालायला बनवलेलं असतं आणि हा त्याला वाऱ्याविरुद्ध पळवत होता. चाल वाढली की जुन्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेवर ओढत नाहीत, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, दम जातो. आबांनी दोन्ही हेडांत कडक स्प्रिंगा बसवायचं ठरवलं, एकात एक बसणाऱ्या, दुहेरी. त्याबरोबर खरं तर वाट्या आणि लॉकही नवे, जाड हवे होते, आणि तीन खाचांचे व्हॉल्व्ह. ते सुरतेहून आणावे लागले असते. रायसिंगला घाई होती, पाडा अडकून पडला होता. आबांनी जुने लॉक भिंगाखाली धरून बघितले आणि म्हणाले, "चालतीन."

त्याच्या चार-पाच दिवस आधी एक गोष्ट घडली होती. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं काम झालं होतं, आबांनी इंजिन चालू केलं, आणि मी अंगठा-करंगळीचा खेळ विसरून सरळ ओरडले, "आबा, टॅपेट ढिला शे!" तो शेतकरी हसला. म्हणाला, "मिस्तरी, आते पोर शिकाडस का तुमले?" तो गेल्यावर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिऱ्हाईकना समोर तोंड उघाडू नको. मन्हा कान आजून शाबूत शेतस." इतक्या वर्षांत ते मला कधी असं बोलले नव्हते. मी ते मनात धरून ठेवलं. एकोणीस वर्षांची होते. आता तो राग मला बोटभरही मोठा वाटत नाही, पण तेव्हा मी त्याला घेऊन जेवत होते, उठत होते.

रायसिंगचं इंजिन दुपारी तयार झालं. माय आतून तिसऱ्यांदा हाक मारून गेली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं, भाजलेल्या वांग्याचा आणि मिरचीचा वास गॅरेजमध्ये आला होता. आबांनी इंजिन चालू केलं. संथ चालीवर छान चाललं. मग त्यांनी रेस वाढवली, आणि दुसऱ्या हेडातून मला एक आवाज आला. टॅपेटचा नव्हे, तो मला ओळखीचा. हा बारीक होता, वाटीत चमचा टेकावा तसा, आणि तालात नव्हता. आला, गेला, परत आला. आबा माझ्याकडे बघत होते. रायसिंगही बघत होता. मला कळत होतं की करंगळी दाखवली तर हेड परत खोलायचं, तीन तास, आणि काही निघालं नाही तर आबा गिऱ्हाइकासमोर पुन्हा खजील. नाही, खोटं कशाला लिहू. मला आबांची काळजी नव्हती. मला भूक लागली होती आणि मनात आलं, कान शाबूत आहेत ना, मग ऐका. मी अंगठा वर केला.

सहाव्या दिवशी सकाळी रायसिंग परत आला, खांद्यावर गोणी घेऊन. गोणी त्याने फळीवर ठेवली आणि उलटी केली. त्यातून दुसरं हेड निघालं, फुटलेला पिस्टन आणि मान तुटलेला व्हॉल्व्ह. आबा ते तुकडे लावून बघू लागले. रायसिंग माझ्याकडे वळून बोलला, कारण आबांना ऐकू येत नाही हे एवढ्याशा ओळखीत त्याला कळलं होतं. त्याची बायको बोनी, पहिलं बाळंतपण, दोन दिवस अडून पडलेली. दाई म्हणाली, दवाखान्यात न्या. नावेत निजवली. सकाळचा वारा समोरून होता म्हणून त्याने रेस वाढवली. पाण्याच्या मध्यावर इंजिनात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि ते थांबलं. वाऱ्याने नाव बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांत नेऊन अडकवली. तो आणि त्याचा भाऊ बांबूने ढकलत राहिले. ऊन डोक्यावर आलं, कललं. दुसरी नाव आली तोवर मूल झालं होतं. "मेलेलं झालं," तो म्हणाला. "पोरगी होती. बोनी वाचली."

"काय म्हनस तो?" आबांनी विचारलं.

मी फळीवरचा तुटका व्हॉल्व्ह सरळ करून ठेवला. आबांनी पुन्हा विचारलं. रायसिंग माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यांचे कान मीच होते, मलाच सांगावं लागणार होतं, आणि तेही गॅरेजभर ऐकू जाईल असं. मी ओरडले, "त्यानं लेकरू गयं! नावमाच गयं! इंजिन बंद पडनं!" रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून बघायला लागला.

आबांनी हेडाच्या खाचेतून लॉकचा एक तुकडा चिमट्याने काढला. तो झिजून चाकूच्या पात्यासारखा झाला होता. स्प्रिंग कडक, लॉक जुना. स्प्रिंगने ओढून ओढून त्याला वाटीतून आरपार काढलं होतं, व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला होता आणि पिस्टनने त्याला ठोकलं होतं. आबांनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग रायसिंगकडे बघून म्हणाले, "चूक मन्ही शे. आवाज करं असीन त्यानी. माले ऐकू उनं नही." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर हे कबूल केलं. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "आते मी हात लावाव नही," एवढंच मायला सांगितलं.

रायसिंग गेला नाही. गॅरेजसमोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिला. त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती, कारण त्या जातीच्या इंजिनाचं हेड आमच्या भागात दुसरं कुणी करत नव्हतं, आणि पाडा तिकडे पाण्याने वेढून बसला होता. दुपारी मायने ताट वाढून माझ्या हातात दिलं. मी ते त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझी माय चांगली आहे." मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्या दिवशीही तो बसला होता. दुसऱ्या दिवशीही मी ताट नेलं. माझ्या घशाखाली मात्र त्या दोन दिवसांत पाण्याशिवाय काही उतरलं नाही. माय म्हणायची, "पोरी, जेवी ले," आणि मी उठून गॅरेजात जायचे. तापीवर धुणं घेऊन गेले तेव्हा घाटाच्या शेवटच्या पायरीवर मी बराच वेळ उभी राहिले. पाणी हिरवं, खोल होतं. मी तिथे काय करणार होते ते मला तेव्हा धड माहीत नव्हतं आणि आजही त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. एक बाई देवळाकडून आली, म्हणाली, "सरक ना वं, कपडा धोवाना शे." मी सरकले.

घरी आले ती सरळ आबांच्या खाटेशी गेले. ते जागेच होते. मी म्हटलं, "आबा, माले ऐकू उनं व्हतं."

त्यांनी मान वळवली. "काय?"

"माले ऐकू उनं व्हतं. आवाज."

"काय म्हनस?"

हे हळू सांगता येणार नव्हतं. कानाशी लागूनही नाही, तो कान कधीच गेला होता. मी श्वास घेतला आणि ओरडले, "मी ऐकं व्हतं आबा! दुसऱ्या हेडना आवाज! माले ऐकू उनं व्हतं आणि मी सांगं नही!" आतली थपथप थांबली. माय पिठाच्या हाताने दारात आली. आबा उठून बसले. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. "मंग तू बोलनी का नही?" त्यांनी विचारलं, अगदी हळू, आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसलेली माणसं कधी कधी बोलतात तसं. आणि मला उत्तरही ओरडूनच द्यावं लागलं. "माले भूक लागनी व्हती!" हे म्हणताना मला रडू फुटलं. "आणि तुमना राग उना व्हता!"

आबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त परत भिंतीकडे वळले. मी वळले तेव्हा उघड्या दारांतून सरळ रस्त्यापर्यंत दिसत होतं. कडुनिंबाखाली रायसिंग उभा राहिला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. आमची अहिराणी त्याला कळत होती. तो दोन पावलं गॅरेजकडे आला, हाताच्या मुठी वळलेल्या, मग थांबला आणि पुलाच्या दिशेने निघून गेला. गोणी फळीखालीच राहिली.

तो पोलिसात जाईल, चार माणसं घेऊन येईल, असं माय म्हणत होती. मी गॅरेजच्या उंबऱ्यावर बसले. येईल ते येऊ दे, असं वाटत होतं. सूर्य कलायच्या आधी तो एकटाच परत आला. पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"तुला आवाज आला होता?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मिस्तरीला येत नाही. दुसऱ्या कोणाला येत नाही. तुला येतो." त्याने फळीखालच्या गोणीकडे बघितलं. "मग तूच कर."

मी म्हटलं, "मला जमेल की नाही..."

"ते मला नको सांगू," तो म्हणाला. "तिकडे तीस घरं आहेत. तू कर."

आजही लोक मला विचारतात, बाई माणूस असून या धंद्यात कशी पडलीस. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. मला कुणी हौसेने यात आणलं नाही. ज्याचं मूल गेलं त्याने मला कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी नवापूरमार्गे सुरतेला गेले. जुने नग रुमालात बांधून नेले होते. दुकानदार गुजरातीत म्हणाला, शेठला पाठव, तुला काय कळणार. मी काउंटरवर तुटका व्हॉल्व्ह ठेवला आणि पाहिजे ते एकेक सांगितलं. तीन खाचांचे व्हॉल्व्ह, त्याच मापाचे लॉक, पोलादी जाड वाट्या, कडक सीटा, पितळी गाईडं, पिस्टन. दोन्ही हेडांचं सामान घेतलं, कारण पहिल्या हेडातलेही लॉक तेच जुने होते. परतताना पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, नवसाचं आहे का काही.

तीन दिवस मी काम केलं. रायसिंग जाऊन पहिलं हेडही खोलून घेऊन आला. जुन्या सीटा काढल्या, नव्या ठोकल्या, कापल्या. गाईडं बसवली. आतली स्प्रिंग घासू नये म्हणून त्यांची डोकी कानशीने उतरवली. व्हॉल्व्ह घासले, मग हेड उलटं करून त्यात रॉकेल भरून ठेवलं, थेंबभर पाझरलं तरी पुन्हा घासले. प्रत्येक लॉक खाचेत बसवून नखाने चाचपला. रायसिंग समोर बसून बघायचा. दोनदा लॉक हातातून उडून जमिनीवरच्या तेल टिपायच्या भुशात पडले, दोघांनी गुडघ्यावर बसून शोधले.

तिसऱ्या दिवशी मी अडले. स्प्रिंग किती दबलेली बसवायची हे वॉशर घालून ठरवतात. आबांनी घातले होते तेवढेच वॉशर घालून मी ती बसवली, पण नव्या वाट्यांची जाडी वेगळी होती. रॉकर दाबून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वेढ्यावर वेढा टेकत होता. म्हणजे स्प्रिंगला जागाच उरत नव्हती. असं चाललं तर आता लॉक नाही, रॉकरला खालून ढकलणारा पुशरॉडच वाकला असता. किती काढायचं ते मला कळेना, आणि पुन्हा चूक करायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी ते अख्खं हेड छातीशी धरून आत नेलं आणि आबांच्या खाटेवर ठेवलं. ते वळले नाहीत. मी त्यांचा हात धरला आणि स्प्रिंगवर ठेवला. तो हात आधी तसाच पडून राहिला. मग बोटं हलली. त्यांनी वेढे चाचपले, मला खुणेने रॉकर दाबायला सांगितलं, दबलेल्या वेढ्यांच्या फटीत नख घालून बघितलं. नख शिरलं नाही. त्यांनी एक बोट वर केलं. एक वॉशर काढ. मी काढला, परत दाबला. त्यांनी नख घातलं. ते शिरलं. मग हात मागे घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांनी नंतर कधीच इंजिन बांधलं नाही. काही महिन्यांनी फळीशी येऊन बसू लागले, गॅस्केट कापून देत, नवख्या माणसाला हाताने खुणा करून शिकवत. त्या दिवसाबद्दल आम्ही पुढच्या अकरा वर्षांत, ते गेले तोवर, एक शब्द बोललो नाही.

हेडं घेऊन आम्ही निघालो. मोलगीच्या पुढे जीप सोडली, एक एक हेड गोणीत, पाठीवर, आणि डोंगर उतरून पाण्याशी आलो. शेवटच्या टप्प्याला दुसऱ्या पाड्यावरच्या कुणाची तरी छोटी नाव होती. वाटेत पाण्यातून वर आलेले झाडांचे वाळके शेंडे दिसले. रायसिंगने तिकडे बघितलं नाही. मी बघितलं.

त्याची नाव पाड्याच्या काठाला बांधली होती. मी तिच्यात बसूनच पिस्टन बसवला, हेडं आवळली, पुशरॉड घातले, टॅपेट लावले. हळूहळू काठावर माणसं जमली. कुणी जवळ आलं नाही. ऊन वर आलं तेव्हा मी रायसिंगला हँडल मारायला सांगितलं. त्याने मारलं. इंजिनाने घरघर केली आणि थांबलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. दहा वेळा, पंधरा वेळा. त्याचा घाम त्या नव्या हेडांवर टपटप पडत होता. शेवटी त्याने हँडल नावेच्या तळाशी आपटलं, एवढ्या जोरात की फळीचा टवका उडाला, आणि आपल्या भाषेत आभाळाकडे तोंड करून ओरडला. काय ते मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. मग तो डोकं गुडघ्यांत घालून बसला. काठावरची माणसं उठून जायला लागली.

मला वाटलं, संपलं. मी त्या पाण्यातून परत जाणार नाही असंही वाटलं. पण मोकळ्या हातांनी बसवत नव्हतं म्हणून मी वरचं झाकण काढलं आणि एकेक रॉकर बोटाने हलवून बघू लागले. दुसऱ्या हेडाचा एक पुशरॉड आपल्या खोबणीत बसलाच नव्हता, बाजूला तिरका टेकला होता. व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. हातकामाच्या पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. मी तो बसवला, टॅपेट पुन्हा लावला, झाकण आवळलं. रायसिंगने वर बघितलं नाही. मी हँडल उचललं आणि स्वतः मारलं. तिसऱ्या वेळेला इंजिन चालू झालं.

मी रेस वाढवली. खूप वाढवली. कान हेडाला जवळजवळ चिकटवून बसले. गरम तेलाचा वास, धूर, आणि तो आवाज, सरळ, भरलेला, दोन्ही हेडांतून सारखा. बारीक काहीही नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. मग मान हलवली.

रायसिंगने माणसांना हाक दिली. कुणी आलं नाही. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तेव्हा वरच्या वाटेने एक बाई हळूहळू उतरत आली, एका म्हातारीचा हात धरून. माझ्याहून लहान असेल ती. तिला ताप होता आणि दवाखान्यात न्यायचं होतं, हे मला नंतर कळलं. ती बोनी होती. पाण्याशी येऊन तिने रायसिंगला काहीतरी विचारलं, बहुधा हीच का ती असं, माझ्याकडे बोट न करता. त्याने होय म्हटलं. ती नावेत चढली, कुणाचा हात न घेता, आणि माझ्यासमोर, इंजिनाच्या पलीकडे बसली. तिच्यामागून इतर लोक चढले.

पूर्ण वाटभर ती माझ्याकडे बघत होती. मी कुठे बघणार? मी इंजिनाकडे बघत होते, ऐकत होते. मध्यावर समोरून वारा आला, रायसिंगने रेस वाढवली आणि नावेतल्या सगळ्या माणसांनी कडेच्या फळ्या घट्ट धरल्या. मी कान हेडाशी नेला. इंजिन दम न सोडता ओढत राहिलं. त्या शेंड्यांच्या जवळून गेलो तेव्हा बोनीने डोळे मिटले, आणि पुढे गेल्यावर उघडून पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

पलीकडच्या काठाला नाव लागली. माणसं उतरली. बोनी शेवटी उठली. उतरताना ती थांबली आणि रायसिंगला काही तरी बोलली. मी त्याच्याकडे बघितलं.

"ती म्हणते," रायसिंग म्हणाला, "येताना पण तू बस."

मी उतरले नाही. ती दवाखान्यातून परत येईपर्यंत तिथेच, इंजिनाला टेकून बसून राहिले.